पाणी न घेतलेली पाहुणी

एका संस्थेतर्फे आफ्रिकेतल्या घानाला जायचं ठरलं तेव्हा देवगाव रंगारीच्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "इथले हापसे संपले व्हय गं?" संपले नव्हते. पण बजाजनगरात राहून मी वीस वर्षं हापसेच दुरुस्त करते, आणि तिकडच्या एका खेड्यात अगदी आपल्यासारखाच हापसा बंद पडला होता. तिथल्या बायकांना तो खोलायला-जोडायला शिकवायचा होता. दिवस चार. नंतर तिकडं कोणी फिरकणार नव्हतं.

मातीच्या गोल खोल्या, बाजरीची शेतं, शेळ्या. पोचल्या पोचल्या मी हत्यारांची पेटी उघडली. हापसा सांभाळणारी म्हातारी भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आली. ओढ्याचं, गढूळ. बाहेरचं पाणी पिऊ नका, असं मला निघताना बजावलं होतं. मी माझी बाटली दाखवली आणि पाना उचलला.

म्हातारी हापशाच्या ओट्यावर जाऊन बसली ती उठेचना. बाकीच्या बायकाही लांबच.

दुभाष्याचं काम करणाऱ्या शाळामास्तरांना मी विचारलं, "काय बिघडलं?"

"मॅडम, इथं पाहुण्यानं आधी पाणी प्यायचं, मग आम्ही विचारतो, कशाला आलात. तुम्ही पाणी घेतलं नाही, म्हणजे तुम्ही अजून आलाच नाहीत. न आलेल्या बाईला हापसा कसा खोलू द्यायचा?"

म्हातारी काहीतरी पुटपुटली. बायका खदखदून हसल्या.

"काय म्हणतात?"

"हापसेवाली, आणि पाण्याला भिते!"

आमच्या घरी पाहुणा पाण्याला नको म्हणाला असता, तर मीही तोंड वाकडं केलं असतं. पाना खाली ठेवला, तुंबा मागितला आणि सगळा रिकामा केला.

"कशाला आलीस?" म्हातारीनं विचारलं.

"हापसा खोलायला."

"मग खोल की."

दुसऱ्या दिवशी पोटानं हिसका दाखवला. उभं राहवेना, पण दिवस घालवून चालणार नव्हतं. झाडाखाली चटईवर आडवी पडून मी सांगत राहिले, मास्तर त्यांच्या भाषेत ओरडत राहिले. पाइप बायकांनीच वर ओढले. झिजलेला वाटीसारखा वायसर म्हातारीनं काढला आणि नवा उलटा बसवला. मी मुद्दाम बोलले नाही. पाणी आलं नाही, तेव्हा तिनं तो पुन्हा काढला आणि सुलटा बसवला. मी धडधाकट असते तर सगळं स्वतःच उरकलं असतं. माझे हात आवरत नाहीत.

चौथ्या दिवशी मला एकही प्रश्न न विचारता त्यांनी अख्खा हापसा खोलून परत जोडला. पहिल्या धारेचा तुंबा म्हातारीनं माझ्यापुढं धरला. मी प्यायले, आणि हत्यारांची पेटी तिच्याच ओट्यावर ठेवून निघाले.