दानात दिलेली गाडी

नोकरी संपून काही वर्षं झाली. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, त्यांतले बरेचसे विसरलोही. पण एका आश्रमाला दान मिळालेल्या गाडीचा तपास अजून मनातून जात नाही.

तेव्हा मी पेडणे तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि खरं सांगायचं तर अंगात उमेद उरली नव्हती. पार्से गावाबाहेरच्या वळणावर एका शुक्रवारी सकाळी एक बाई मृत सापडली. भाजीची पाटी घेऊन ती म्हापशाच्या बाजाराला निघाली होती. कुठल्याशा वाहनाने तिला उडवलं आणि ते निघून गेलं. पंचनाम्यात गाडीच्या दिव्याचे तुकडे मिळाले, साक्षीदार एकही नाही. नाक्यांवरचं चित्रण तपासलं, गॅरेजं पालथी घातली. हाती काही लागलं नाही आणि तपास थंडावला.

त्या बाईची म्हातारी आई तेवढी मागे राहिली. मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिसवर जगणारी. शेजाऱ्यांनी तिला निराधारांच्या आश्रमात पोचवलं.

पुढे एके दिवशी त्या आश्रमाच्या व्यवस्थापिका ठाण्यात आल्या. तक्रार द्यायची नव्हती, पण मनातली शंका जाईना, म्हणाल्या. डिचोलीच्या एका व्यापाऱ्याने आश्रमाला आपली वापरलेली क्रॉसओव्हर मोटार दान दिली होती. महागडी, परदेशी बनावटीची, आत चामड्याच्या सीटा. कागदपत्रांवरचं नावही रीतसर बदलून दिलेलं.

"मग अडचण काय, बाई?"

"त्यांची एकच अट आहे, साहेब. पार्सेच्या त्या म्हातारीला इस्पितळात न्यायला गाडी कधी चुकता कामा नये. सारखा फोन करून तिचीच चौकशी करतात. बाकी कोणाचं नावसुद्धा काढत नाहीत. आणि ती तर त्यांना ओळखतही नाही."

माणूस दान देतो तेव्हा बहुधा फोटो मागतो, नावाची पाटी मागतो. ह्याने काहीच मागितलं नव्हतं. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि व्यापाऱ्याला चौकशीला बोलावलं.

पन्नाशीचा, नीटनेटका गृहस्थ. बसल्या बसल्या म्हणाला, "दान दिलंय साहेब, तो पण गुन्हो काय?"

मी अजून काहीच विचारलं नव्हतं. खोटं बोलणारे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात. मनावर ओझं असलेले न विचारलेल्या प्रश्नालाच आधी उत्तर देतात. मी आवाज चढवला नाही. गाडी कधी घेतली, कोण चालवायचं, कुठे दुरुस्त केली, असं साधं विचारत गेलो. उत्तरं अडखळत येत होती. मग मी म्हटलं, "गाडी देताना म्हातारी भेटली का तुम्हाला?"

हवालदाराने पाणी पुढे केलं, त्याने घेतलं नाही.

"आश्रमात नारळ फोडलो, गाडयेक हार घातलो. ती पुढे इली, माझ्या माथ्यावर हात ठेवल्यान आणि म्हणाली, 'देव बरें करूं'. त्या दिसापासून माका झोप नाय, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. धडक बसल्यावर तो थांबला होता, खाली उतरला होता. बाई हलत होती. "लोक जमतीत, मारतीत, मगे पोलीस. भियेलंय." तो गाडीत बसून निघून गेला. मागाहून पेपरात बातमी वाचून त्याने म्हातारीचा पत्ता काढला होता.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. त्याने सांगितलेलं, गोव्याच्या हद्दीबाहेर बांद्याकडचं गॅरेज आम्ही शोधलं. मेकॅनिकचा जबाब घेतला, बदललेला फुटका दिवा तिथल्या भंगारात मिळाला. आमच्याकडचे तुकडे त्याला जुळले. व्यापाऱ्याला अटक झाली, गाडी मुद्देमाल म्हणून जप्त केली. म्हातारीला सांगायला मी स्वतः आश्रमात गेलो. ते काम शिपायावर टाकण्याजोगं नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गोधडीचा काठ चाचपत राहिली.

"सायबा, तेन्ना तो थांबलो काय?"

खोटं सांगता आलं असतं. पण उद्या दुसऱ्या कोणाकडून तिला ते कळणारच होतं. "थांबला होता, आजी. उतरलाही होता."

"माझां चेडू जिवंत होतां?"

"होय. तुमची लेक तेव्हा जिवंत होती."

व्यवस्थापिका तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. म्हातारी मात्र रडली नाही.

पुढे आश्रमाने अर्ज केला आणि न्यायालयाने गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत दिली. पण म्हातारी तिच्यात चढेना. व्यवस्थापिकांनी विनवण्या केल्या, बसमधून तिचे किती हाल होतात ते सांगितलं. तिने एवढंच म्हटलं, "ह्याच गाडयेत घालून तेन्ना माझ्या चेडवाक इस्पितळात नेल्यान असता, तर आज माका गाडी कशाक व्हयी होती?"

ती अखेरपर्यंत बसनेच गेली. गाडीतून इतर रुग्ण जात राहिले.

त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट असता तर त्याने गाडी विकून टाकली असती. तो भ्यायला, आणि त्याच्या भीतीत आमच्या खाकीचाही वाटा होता. उरलेल्या नोकरीत प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगत आलो, अपघाताच्या जागी जो थांबलेला दिसेल त्याला आधी पाणी द्या, जखमीला त्याच्याच गाडीत घाला, नाव-गाव मागाहून विचारा. किती जणांनी ऐकलं, मला माहीत नाही.