झोपलेलं पोर

तुदाच्या पोटातलं पोर कालपासून हललं नव्हतं, आणि आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, एकच सांगत होत्या, "झोपलंय ते. गप बसा."

तुदा माझी धाकटी जाऊ. नववा लागलेला, पाय सुजून टम्म झालेले, कूस बदलायची तरी मला हाक मारायची. तिचा नवरा शहरात बांधकामावर. परवापर्यंत कुरकुरत होती, "ताई, ढोल बडवतंय गं आत, झोपू देत नाही मेलं!" आता ढोल थांबला तर पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मध चाटवला, गार पाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवून तिच्या पोटाला कान लावला. माझंच काळीज धडधडताना ऐकू येत होतं, दुसरं काही नाही.

"ताई, कानाला लागतंय का काही?"

"लागेल गं, थांब जरा." म्हटलं आणि पुन्हा कान दाबून धरला.

आमच्या अ‍ॅटलासच्या डोंगरात पोटातलं पोर झोपतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. घाबरलं की झोपतं, दृष्ट लागली की झोपतं. वर्षानुवर्षं झोपतं आणि मनात येईल तेव्हा उठतं. नवरा परदेशी जाऊन दोन वर्षं झाली आणि बाई बाळंत झाली, तरी कुणी बोट दाखवत नाही. झोपलं होतं म्हणतात आणि बाळंतिणीसाठी मेथी घालून कोंबडी शिजवायला घेतात. फक्त झोपलेल्याला हलवायचं नाही.

माझंही एक झोपलेलं होतं. लग्नानंतर दिवस गेले, चौथा महिना लागलेला असताना एका सकाळी अंगावरून रक्त गेलं. आत्याबाईंनीच माझी चादर धुतली, ओसरीवर गेल्या आणि बायकांना ठणकावून सांगितलं, "इत्तोचं पोर झोपलंय." इत्तो म्हणजे मी. त्याला नऊ वर्षं झाली. तेवढ्या एका वाक्यावर मी या घरात नांदत होते. वांझ म्हणायची कुणाची टाप नव्हती. बासूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुसरी बायको करून द्यायचा विषय निघाला की आत्याबाईच उसळायच्या, "घरात पोटुशी बाई असताना? लाज नाही वाटत?"

दुपारी तुदाचं पोट दगडासारखं घट्ट झालं. ती रडतसुद्धा नव्हती, नुसती छताकडे बघत होती. मला राहवेना.

"आत्याबाई, दवाखान्यात नेऊ या हिला."

"काही नको. टोचून टोचून उठवतील आणि पोर अर्धवट निघेल."

बासू दारात उभा होता. त्याची बाजारची गाडी अंगणातच होती, किल्ली हातात. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणतो कसा, "आई म्हणेल तसं." अस्सा संताप आला!

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तुझं नऊ वर्षं झोपलंय ना? तू गेलीस कधी डॉक्टरकडे? मग हिचंच काय जगावेगळं?"

बोलले तर माझं घर जात होतं, नाही बोलले तर तुदाचं पोर. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"माझं झोपलेलं नाही," मी म्हटलं. "ते त्या सकाळीच गेलं, आत्याबाई. चादर तुम्हीच धुतलीत. माझ्या पोटात काहीसुद्धा नाही."

बासूने माझ्याकडे बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं. मग अंगणात जाऊन त्याने गाडी सुरू केली. आत्याबाईही येऊन गाडीत बसल्या.

घाटातल्या वळणावळणाला मी तुदाचं डोकं मांडीवर दाबून धरत होते आणि देवाला शिव्या देत होते, विनवत होते, पुन्हा शिव्या देत होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. ठोके लागले, पण थांबत थांबत, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखे. बाईंचा चेहराच उतरला. तुदाला धावतच आत नेलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं. बासू माझ्यापासून हातभर लांब बसला. आत काय होतंय कळेना आणि परत घरी मला कोण घेणार तेही कळेना. दोन्ही भीती एकमेकींत अशा गुंतल्या की कुठली कुणासाठी ते सांगता येईना.

मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. मुलगी झाली होती. मूठभर होती, पण श्वास चालू होता. तुदाही शुद्धीवर येत होती.

आत्याबाईंनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, घसा खाकरला आणि बासूला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "बघ, झोपलंच होतं. उठलं की नाही? इत्तोचंही उठेल."

"आई, ती घरात म्हणाली ते..." बासू म्हणाला.

"काय म्हणाली?" आत्याबाईंनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घट्ट धरला. "मी नाही बाई काही ऐकलं. तू ऐकलंस?"

बासूने गाडीची किल्ली खिशात टाकली.

"नाही," तो म्हणाला.