बारक्या उडेल, असं सांगणारी बाई

वाहिनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्रघराला लागून एक खोली आहे. दारावर 'प्रेक्षक कक्ष' अशी पाटी. आत चार टेबलं, चार फोन आणि भिंतीवर एक टीव्ही. खिडकीजवळच्या टेबलावर गेली एकोणीस वर्षं जी बाई बसते, तिला सगळी इमारत 'हॅलोबाई' म्हणते. जिन्यात कुणाचा चुकून धक्का लागला तरी ती आधी 'हॅलो' म्हणते आणि मग वळून बघते.

काम सरळ आहे. फोन घ्यायचा, ऐकायचं आणि छापील फॉर्मवर चारपैकी एका चौकोनात खूण करायची: कौतुक, तक्रार, चौकशी, इतर. वर्षातले अकरा महिने तक्रारीचा चौकोन पुरतो. झाडांना पालवी फुटली की मात्र तीन आठवडे वन्यजीवांचा कार्यक्रम लागतो, रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा, थेट. लोक त्याला नुसतं 'घरटं' म्हणतात. त्या तीन आठवड्यांत चारही चौकोन अपुरे पडतात.

यंदा घरटं ससाण्याचं होतं, बंद पडलेल्या कारखान्याच्या धुराड्यावर. पिल्लं तीन. कक्षप्रमुख साहेबांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर सूचना लावली: पिल्लांना नावं द्यायची नाहीत, पिल्लांचं पुढे काय होईल हे प्रेक्षकांना सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहापर्यंत प्रेक्षकांनी थोरला, मधली आणि बारक्या अशी नावं ठेवून टाकली होती.

फोनही तसेच.

"अहो, ती आई रोज कबुतर आणते आणि आमच्याकडे तेव्हाच पानं वाढलेली असतात. तिला जरा उशिरा आणायला सांगा."

"मी कबुतरं पाळतो. आमची बाजू कधी दाखवणार?"

"बाप नुसता बसून असतो, हे तुम्ही मुद्दाम दाखवताय. माझी बायको कार्यक्रम संपला की माझ्याकडे बघते."

एका गृहस्थांच्या मांजरीनं टीव्हीवर झेप घेतली होती. त्यांना टीव्हीचं काही वाटत नव्हतं. मांजर आता खाटेखालून बाहेर येईना, तिची समजूत कुणी काढायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हॅलोबाईंनी 'इतर'वर खूण केली.

पहिल्या आठवड्यातच आणखी एक फोन रोजचा झाला. बाई वयस्कर. नाक दाबून बोलायच्या.

"मी एक सामान्य प्रेक्षक बोलतेय. बारक्याला आज एकच घास मिळाला. मी मोजलंय."

मागे घड्याळाचे टोले पडत. साडेसहाला तीन. असं चुकीचे टोले देणारं घड्याळ सगळ्या शहरात एकाच घरात आहे आणि हॅलोबाई त्याच घरात अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या. बोलणाऱ्या बाई त्यांच्या सासूबाई होत्या.

"नोंद घेतली आहे. फोन केल्याबद्दल आभारी आहोत," हॅलोबाई म्हणाल्या. नियम म्हणजे नियम.

रात्री जेवताना सासूबाई लेकाला सांगू लागल्या, "आज त्या ऑफिसात फोन केला होता. एक बाई आहे तिथे. काय गोड बोलते! सगळं शांतपणे ऐकून घेते. नाहीतर आपल्या घरात!"

हॅलोबाई भात वाढत होत्या. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. बारीक गोष्टी न हलता बघायची त्यांना सवय आहे. तरीही त्यांचे खांदे हलत होते.

"आई, अहो, मलाच विचारा ना घरी," हॅलोबाई म्हणाल्या.

"तुला काय विचारायचं? तू घरचीच. मला ऑफिसचं उत्तर हवं."

तिसऱ्या आठवड्यात थोरला उडाला, पाठोपाठ मधली उडाली. बारक्या धुराड्याच्या कडेवर येई, पंख पसरी, खाली बघे आणि माघारी जाऊन कोपऱ्यात बसे. शहराचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा त्या नाक दाबायला विसरल्या होत्या.

"उडेल ना हो ते?"

"निसर्गात आम्ही ढवळाढवळ करत नाही," हॅलोबाईंनी ठरलेलं उत्तर दिलं.

पलीकडे घड्याळानं तीन टोले दिले.

"उडेल हो आई. मी सांगते ना."

एकोणीस वर्षांत मोडलेला हा पहिला नियम.

शुक्रवारी सकाळी नऊपासून चारही फोन घणघणू लागले. सासूबाईंनी ते शेजारी सांगितलं होतं, शेजारणीनं इस्त्रीच्या दुकानात, आणि इस्त्रीवाल्यानं प्रत्येक गठ्ठ्याबरोबर घरोघर पोचवलं होतं.

"उडणार आहे ना? ऑफिसनंच सांगितलंय म्हणे."

"नक्की किती वाजता? पाहुणे बोलवायचेत."

"मला उद्या सहाला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. सव्वासहानंतर उडवलंत तर बरं होईल."

एका शाळेनं तर लेखी मागितलं.

दुपारी साहेबांनी हॅलोबाईंना बोलावलं आणि रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज ऐकताना हॅलोबाई साहेबांच्या टेबलावरच्या टोकदार पेन्सिली मोजत होत्या. सात होत्या.

"'आई' ठीक आहे," साहेब म्हणाले. "ज्येष्ठांशी आपुलकीनं बोलावं, असं परिपत्रकच आहे. पण 'उडेल'? कुणाला विचारून?"

त्या माझ्या सासूबाई आहेत, हे सांगता आलं असतं. पण मग ऑफिसच्या फोनवर घरगुती बोलण्याचाही गुन्हा अंगावर आला असता. हॅलोबाईंनी पेन्सिली पुन्हा मोजल्या.

"उद्या शेवटचा भाग. तोवर नाही उडालं, तर तुमच्या सहीनं माफीनामा जाईल. सोमवारपासून तुम्ही तळघरात, टेपांच्या खोलीत. तिथे फोन नाही."

घरी त्यांनी हे फक्त यजमानांना सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "त्याला खाली बघू देऊ नका." सल्ला चांगला होता. पोचवायचा कसा, हाच प्रश्न होता.

शनिवारी सहाला बारक्या कडेवर आला आणि फोन सुरू झाले.

"आम्ही सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या तर त्याला ऐकू जाईल का?"

"त्याच्या आईला जरा बाजूला घ्या हो. लाजतंय ते."

"उडालं का? मी गॅस बंद करायला गेले होते!"

सहा वीसला त्यानं पंख पसरले आणि कक्षात चौघींनी श्वास रोखला. त्यानं पंख मिटले. सहा अठ्ठावीसला निवेदक जड आवाजात निरोप घेऊ लागला. बारक्यानं कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली, शेपटी उचलली, धुराड्याखाली एक पांढरी पिचकारी सोडली आणि आरामात बसला. त्याच दृश्यावर कार्यक्रम संपला. साबणाची जाहिरात लागली.

चारही फोन एकदम वाजले. साहेब आले आणि त्यांनी टाइप केलेला कागद हॅलोबाईंपुढे ठेवला. "वाचून सही करा."

हॅलोबाईंच्या एका कानाला फोन होता. दातांच्या डॉक्टरांकडून परतलेले गृहस्थ सुजलेल्या गालानं विचारत होते, उडालं का? हॅलोबाईंनी पेन उचललं आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. तिथल्या टीव्हीवर साबण नव्हता. कक्षाला चित्र थेट कॅमेऱ्यातून येतं, आणि कॅमेरा सोमवारीच उतरवायचा होता. बारक्या उभा राहिला होता. वारा सुटला होता. त्यानं या खेपेला खाली पाहिलं नाही.

ते उडणं होतं की पडणं, हे आधी कळलंच नाही. कडेवर कुणीच नव्हतं. मग चित्राच्या डाव्या कोपऱ्यातून एक तपकिरी गोळा वेडावाकडा वर आला, पंख मारत पुढे गेला आणि समोरच्या गच्चीच्या कठड्यावर पोटावरच उतरला.

"उडालं!" हॅलोबाई सुजलेल्या गालाच्या कानात ओरडल्या.

"उडालं! अहो उडालं!" साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की पेन खाली पडलं. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि वाजणारा चौथा फोन स्वतः उचलला. साहेबांना फोन घेताना कक्षानं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो उलटा धरला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सरळ करून दिला.

"होय, उडालं. सहा चव्वेचाळीसला. दृश्य सातच्या बातम्यांत दाखवतील, दाखवायलाच लावतो. काय? आधी कुणी सांगितलं होतं? आमच्याच एक बाई आहेत. छे, छे, जातायत कुठे? इथेच असतात."

बोलता बोलता त्यांनी माफीनामा उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर आलेल्या फोनच्या रेघा ओढू लागले.

सात वाजून दहा मिनिटांनी पुन्हा नाक दाबलेला आवाज आला.

"मी एक सामान्य प्रेक्षक. बातम्यांत पाहिलं. तक्रार लिहून घ्या. ते उडत होतं तेव्हा तुम्ही आम्हाला साबण दाखवलात."

"लिहिली."

"कौतुकही लिहा. उडेल म्हणाल्या, त्या बाईंचं. शब्दाच्या पक्क्या आहेत."

"लिहिलं. आणखी काही?"

"हो," सासूबाई म्हणाल्या आणि नाक सोडलं. "येताना माझ्या कानाच्या यंत्राचे सेल आण. दोन दिवस सांगतेय."

फोन बंद झाला. हॅलोबाईंनी तक्रारीवर खूण केली, कौतुकावर केली. क्षणभर थांबल्या आणि 'इतर'वरही केली.