ह्यो माजा बाबू

"ओळखलंत का, सर?"

प्रयोग संपला, की खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसत तो पहिला हाच प्रश्न विचारायचा. मी पनवेलच्या एका साप्ताहिकात नाटकांवर लिहितो. त्यामुळे माझ्या तोंडून "नाही बुवा ओळखलं" एवढंच त्याला ऐकायचं असायचं.

तुम्ही इथली हौशी नाटकं बघत असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असणार. फक्त तोच तो, हे तुमच्या लक्षात आलं नसणार. विचुंब्याचा माणूस, तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. एका नाटकात खडूस न्यायाधीश झाला, तर पुढच्यात सुईण. लुगड्याचा ओचा खोचून तो हात धुवायला बसला, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "ही कोण हो नवी?" कौतुकाच्या बाबतीत मी तसा चिक्कूच. पण त्या आठवड्यात लिहून गेलो, 'इतक्या भूमिका पाहिल्या, हा नट मला दोनदा सारखा दिसलेला नाही.'

कात्रण खिशात घालत तो म्हणाला, "तुमचं ठीक आहे हो, सर. पण आय ओळखते ना!"

त्याची आय पहिल्या रांगेत बसायची, चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन. तो आला की क्षणभर निरखायची आणि खणखणीत आवाजात जाहीर करायची, "ह्यो माजा बाबू!" न्यायाधीश फाशी सुनावत होता, तेव्हासुद्धा! अख्खं थिएटर हसायचं आणि हा आत जाऊन कपाळ बडवून घ्यायचा. "कसली डोंबलाची ॲक्टिंग, सर? आयला कळतंय तोवर सगळं फुकट." बक्षिसं मिळाली तरी रडगाणं हेच. आधी मला गंमत वाटायची. पुढे त्याची कीव यायला लागली, कारण पन्नाशीच्या त्या माणसाला हे खरोखरच लागत होतं.

मग ते नाटक आलं, ज्यात तो बायको गेल्यावर मुका झालेला म्हातारा कोळी होता. त्याला एकही वाक्य नव्हतं. मी आयच्या शेजारीच बसलो होतो. तो फाटकं जाळं ओढत आला, आय पुढे वाकली, तिचं तोंड उघडलं. म्हटलं, झालं, आता आरोळी. पण तिनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. पडदा पडेपर्यंत तशीच बसली. तो जाळ्यावर डोकं ठेवून रडला, तेव्हा तिचे खांदे हलत होते.

प्रयोग संपल्यावर तो रंगासकट धावत खाली आला. "आय, वळखलंस?"

"कुनाला?" ती म्हणाली. "तू कवा आलास रं? मी कवाची वाट बगतंय."

"सर, ऐकलंत? ऐकलंत ना?" असं ओरडत तो उड्या मारतच मेकअप रूमकडे गेला. आय माझ्याकडे वळली.

"ओ पेपरवाले, लिवू नका हां. सून बोलली, जाम मनाला लावून घेतो त्यो. म्हनून गप बसली मी."

त्याच्या अभिनयावर मी भरभरून लिहिलं. त्या दिवशी सगळ्यात चांगलं काम कुणाचं झालं, ते मात्र छापायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी कंपनीच्या बसची वाट बघताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मला फार वाईट वाटलं. नट म्हणून वाटलंच, पण 'ओळखलंत का' विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून जास्त.

आय आता नाटकाला यायची नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती त्याच्या मंडळाच्या पुढच्याच नाटकाला आली. पहिली रांग, पाय खुर्चीवर. दाढीवाला एकजण आला, मग एक हवालदार. प्रत्येकाला ती पुढे वाकून निरखत होती. काठी टेकत एक म्हातारा आला, त्याच्यावर तिची नजर जरा जास्तच रेंगाळली. मग ती मागे टेकली आणि माझ्याकडे न बघताच हळू म्हणाली,

"नाय. ह्यो पन नाय."