वरचा सूर

माझा स्वभाव संशयी. दूधवाल्यानं न मागता जास्त माप घातलं तरी मी पातेलं नाकाशी नेतो. त्यात चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात, पार्ट तपासायचं काम. वरून चकचकीत दिसणारा पार्ट मी आधी बाजूला काढतो.

कंपनीला सुट्टी गुरुवारी. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिची गिटार कपाटावर पडून राहिली, म्हणून मी गुरुवारी सकाळी पिंपळे गुरवहून रावेतला क्लासला जायला लागलो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्याच वयाच्या. मी जुनं हिंदी गाणं मागितलं, त्यांनी जॅझ बॅलड गळ्यात मारलं. संथ, विलायती, संपता न संपणारं.

"काका, तुमच्या बोटांना हेच झेपेल."

मला वाटलं, यांना एवढं एकच येत असणार.

चार महिन्यांत गाणं कसंबसं बसलं, पण शेवटाला घोडं पेंड खायचं. शेवटचा कॉर्ड छेडायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तारांना हात लावायचा नाही. मी आवाज संपला की हात ठेवायचो.

"काका, अजून वाजतंय."

"कुठे वाजतंय?"

"वरचा सूर. ऐका ना."

मला पंखा ऐकू येत होता, बाकी काही नाही. दर गुरुवारी हेच. नसलेला सूर ऐकवून ही पोरगी वेळ काढतेय, अशी माझी खात्री झाली. बायको म्हणाली, "अहो, ती कशाला खोटं बोलेल?" मी म्हटलं, "तुला जग माहीत नाही."

गिटारच्या टोकाला लावायचा ट्यूनरचा चिमटा मिळतो. तार थरथरत असेपर्यंत त्याचा काटा उभा राहतो. माणसापेक्षा काट्यावर माझा विश्वास जास्त. पुढच्या गुरुवारी मॅडमना तोंडावर पाडायचं ठरवून तो लावून बसलो. फक्त वरच्या सुराची, सगळ्यात बारीक तार छेडली. आवाज संपला. काट्याकडे पाहिलं, तर तो उभाच. मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं काटा पडला आणि त्याच क्षणी त्या म्हणाल्या, "आता संपलं."

मी चिमटा काढून खिशात घातला.

कंपनीत दर वर्षी कान तपासतात. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. नापास झालं तर प्रेस शॉप सुटणार, ओव्हरटाइम जाणार. म्हणून आम्ही काचेतून, बाहेर बसून आवाज सोडणाऱ्या तपासणाऱ्याच्या बोटाकडे बघायचो. बोट हललं की दाबायचं बटण. "भावा, आवाजाच्या नादी लागू नको, बोट बघ," हे नव्या माणसाला मीच शिकवायचो. दर वर्षी पास. साऱ्या जगावर संशय घेतला, त्या पासच्या कागदावर मात्र एकदाही नाही. मला माझीच लाज वाटली.

या वर्षी मी खुर्ची फिरवून काचेला पाठ करून बसलो. घाबरलो होतो. सुरुवातीला काही जाडे आवाज आले, तेव्हा बटण दाबलं. मग सगळं शांत झालं. मी बटण मुठीत धरून वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं तपासणारा आत आला आणि माझ्या कानावरचा हेडफोन उचलून म्हणाला, "काका, दाबा की. अजून वाजतंय."