रेवजुव्यावरच्या खुंट्या

गोवा राज्य झालं त्या वर्षी, गणपतीची चवथ उलटल्यावर, तीन परके पुरुष शंभूच्या होडीतून रेवजुव्यावर उतरले. रेवजुवे म्हणजे चोपड्याच्या पुढे, नदी आणि दर्या यांच्यामध्ये पडलेलं वाळूचं लांबट बेट. थोडी घरं, माड, सातेरी देवीची घुमटी आणि गोड्या पाण्याची एकच बाव. वीज नव्हती. पेडण्याच्या बाजारात कुणी हिणवलं तर इथली माणसं ऐकवायची, "दर्याला आम्ही आडवे पडलोत, म्हणून तुमची शेतं उरलीत."

त्या तिघांनी दुपारपर्यंत वाळूत लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या. एक रांग थेट बावीपाशी आली. चंद्रावती तिथे पाणी ओढत होती. नवरा नदीच्या मुखाशी बुडाला तेव्हा डिचोलीच्या खाणीवर असलेल्या भावाने तिला न्यायला माणूस पाठवला होता. "मायनीची धूळ खायला मी येत नाही," असं सांगून तिने त्याला परत लावून दिलं आणि सुकी मासळी विकून मुलगा वाढवला. जुव्यावर तिचा शब्द चालायचा.

तिने पुतण्याला गाठलं. "शंभू, यांना कुणी बोलावलं?"

"धक्क्यावर उभे होते. येतो म्हणाले, घेतले होडीत."

"आणि तू विचारलं नाहीस?"

शंभूने होडीतलं पाणी उपसायला घेतलं. चंद्रावतीला ते आवडलं नाही.

तिघांमधला पुढारी गोड बोलायचा. म्हाताऱ्या बाबाजीच्या ओसरीवर तो मराठीत बोलला, होड्यांपाशी तरुणांशी कोकणीत. राजभाषा मराठी की कोकणी, यावरून दगडफेक झालेली अजून सगळ्यांच्या लक्षात होती. चंद्रावती स्वतः सातेरीला गाऱ्हाणं मराठीत घालायची आणि भांडायची कोकणीत. पण हा माणूस दार बघून जीभ बदलत होता, हे तिने हेरलं.

"जेवल्याशिवाय जाऊ नका," ती म्हणाली. मग पुढाऱ्याला आपल्या घरी बसवलं, दुसऱ्याला बाबाजीकडे, तिसऱ्याला शेजारच्या धाकूकडे. पेज, सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण, खारातली कैरी. तिन्ही घरांत एकच प्रश्न विचारला गेला: खुंट्या कशाच्या?

पुढारी म्हणाला, "विजेच्या खांबांच्या, काकी." बाबाजीकडच्याने सांगितलं, नवा धक्का होणार. धाकूकडचा पोरगेला होता, हात चाटत तो म्हणाला, "हॉटेल मोठं आहे. तुम्हांला नोकऱ्या मिळतील."

तिन्ही उत्तरं बावीपाशी पडताळली गेली आणि जेवणं होईपर्यंत बायकांनी सगळ्या खुंट्या उपटून होडीत रचल्या होत्या.

"तुमचं सामान राहून जाईल," चंद्रावती पुढाऱ्याला म्हणाली.

त्याचा गोडवा उतरला. "वीज नको तर काळोखात राहा."

"राहू. पण काळोख आमचा असेल."

शंभू त्यांना सोडून आला. पुढचे कितीतरी दिवस तिने त्याच्या होडीत पाय ठेवला नाही.

ते तिघे कोण होते ते कधीच कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या काठावर तसल्याच खुंट्या दिसल्या. एका रांगेवर विजेचे खांब आले. दुसरीवर कुंपणाची भिंत उठली आणि किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या तिथल्या रापणकारांची दर्यावर जायची वाट बंद झाली. संध्याकाळी पलीकडे दिवे लागले की सून शांता चिमणीची काच पुसत म्हणायची, "मांय, तो खांबवाला खरं बोलत असला तर?"

"असेलही," चंद्रावती म्हणायची. तिला स्वतःलाच ते टोचत होतं.

शेवटी तिने बाबाजीला आणि शंभूला बरोबर घेतलं, विजेच्या कचेरीत जाऊन बसली आणि जुव्याच्या नावाने वीज मागितली. हेलपाटे पुष्कळ झाले. प्रत्येक वेळी होडी शंभूचीच होती. तार नदीवरून आली तेव्हा खांब कुठे रोवायचे ते गावाने ठरवलं.

पहिला दिवा घुमटीत लागला. शांता हसली. चंद्रावतीने हात जोडले, आणि एकदा शंभूकडे बघून तारजोडणीला आलेल्या माणसाला विचारलं, "बाबा, तू कुणाचा? गाव खंयचो?"