निळ्या वहीतल्या खोट्या खुणा

गेल्या सुट्टीत तुम्ही दोघं भिवंडीला आलात तेव्हा कपाटात एक निळी वही सापडली. पानोपानी तारखा, बरोबरच्या खुणा आणि फुल्या. “आजी, ही कुणाची परीक्षा?” तुम्ही विचारलंत आणि मी चहा ठेवायला आत गेले. आज सांगते.

तुमचे आजोबा विमानतळाच्या रडार केंद्रात तंत्रज्ञ होते. खारबावच्या भातशेतीच्या घरातले, मराठी शाळेतले. मी इंग्रजी शाळेत शिकून तिथेच शिक्षिका झालेली. “बाईसाहेब, यंत्रापुरतं इंग्रजी येतं आपल्याला,” असं म्हणून ते मला चिडवत.

मोबाइल नुकते घरोघरी येऊ लागले होते, त्या सुमारास केंद्रात नवं रडार आलं. ते स्वतःच स्वतःला तपासे. दूर एका खांबावर लहानशी पेटी बसवलेली असे. रडारने विचारलं की ती विमानासारखं उत्तर देई. तिची जागा आधीच ठाऊक, म्हणून दर फेरीला ती तिथेच दिसायला हवी. किती वेळा चुकल्यावर इशारा वाजवायचा आणि काम राखीव यंत्राकडे सोपवायचं, हे आकडे भरायचं काम आजोबांकडे होतं. ते म्हणत, एकाच चुकीवर इशारा वाजू लागला तर माणसं वैतागून तो बंद करतात. फार सैल ठेवला तर बिघडलेलं यंत्र तसंच चालत राहतं. त्यांनी लागोपाठ तीन चुका ठरवल्या.

ते आकडे भरताना त्यांनी एकच ओळ दोनदा भरली आणि पुढची गाळली. सहकाऱ्याने वेळीच पाहिलं. संध्याकाळी घरी येऊन बूट न काढताच ते खुर्चीत बसले.

“चूक होते गो माणसाची. पण ती ओळ भरल्याचंच मला आठवत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळी वही आणली. रोज सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना स्वयंपाकघरातली एक वस्तू सांगायची आणि दुसऱ्या सकाळी ती विचारायची. आठवली तर बरोबरची खूण, नाही तर फुली.

“लागोपाठ तीन फुल्या आल्या की मी साहेबांना सांगून काम सोडणार,” ते म्हणाले. “रेघा सरळ मार, इंग्रजी शाळेवाली!”

सुरुवातीला सगळं बरोबर येत होतं. मग एक फुली आली. पुढे दोन लागोपाठ. तिसऱ्या सकाळी शब्द ‘खलबत्ता’ होता. ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “विळी?” मी “हो” म्हटलं आणि बरोबरची खूण केली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तुमच्या बाबांचं परदेशातलं शिक्षण चालू होतं. पण खरं सांगायचं तर मला ती वही खोटी ठरवायची होती. आयुष्यभर मुलींच्या वह्या तपासताना अर्ध्या गुणाची चूक मी सोडली नव्हती. इथे महिनाभर सोडत राहिले.

एका सकाळी मी विचारलं, “काल काय सांगितलं होतं?”

“किसणी.”

मी खूण केली. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली.

“काल तू झारा सांगितलेलास.”

मी पेन खाली ठेवलं. घरामागच्या यंत्रमागांच्या कारखान्यातली वीज गेली होती, त्यामुळे घरात फारच शांत होतं.

“तपासणी लावली की आम्ही मुद्दाम एक दोष घालून बघतो,” ते म्हणाले. “इशारा वाजतो का ते. तुझा न्हाय वाजला.”

“अहो, दीडच वर्ष राहिलं होतं. मला वाटलं...”

“वर विमानात बसलेल्यांना इचारलंस, दीड वर्ष चालंल का?” आवाज चढला आणि लगेच खाली आला. “आजची चूक मी मुद्दाम केली. न कळता केलेल्या किती?”

मी पानं उलटून एकेक दाखवली. ते बोट ठेवून मोजत होते, मध्येच मोजणी विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. ते पाहून मीच आकडा सांगितला. खरा.

त्या दिवशी ते कामावर गेले ते सांगायलाच. अर्ज मी इंग्रजीत लिहून दिला, सही त्यांनी केली. साहेबांनी त्यांना यंत्रांपासून दूर, भांडारात बसवलं. तिथून ते निवृत्त झाले. मला ते पुन्हा कधी त्यावरून बोलले नाहीत. पण वही चालूच ठेवायला लावली, आणि त्यानंतरच्या सगळ्या खुणा खऱ्या आहेत.

शेवटच्या पानावर एकच फुली आहे. ती पुढे काही वर्षांनंतरची. त्या सकाळी वस्तू विचारण्यात अर्थ उरला नव्हता, म्हणून मी विचारलं, “मी कोण?”

ते जरा सावरून बसले. अंगातला सदरा त्यांनी नीट केला.

“तुम्ही शाळेतल्या बाई ना?”

मी शाळेतली बाई होतेच. मी पेन हातात घेतलं. चहावर साय धरली. मग फुली मारली.